व्यक्ती तितक्या प्रकृती

'इडिओसिंक्रॅटिक' हा इंग्रजी शब्द उच्चारताना जीभ जरा अडखळतेच. वरच्या वर्गातल्या मुली अर्थ विचारतात, आणि पटकन तोंडात येतं, 'विक्षिप्त' नाहीतर 'तऱ्हेवाईक'. पण मैत्रिणींनो, मुळात या शब्दात नावं ठेवण्यासारखं काही नाही हो!

तीन ग्रीक तुकडे जोडून तो झाला आहे. 'इडिओस' म्हणजे स्वतःचं, 'सिन' म्हणजे एकत्र आणि 'क्रासिस' म्हणजे मिश्रण. थोडक्यात, ज्याचं त्याचं खास मिश्रण. आपल्याला हे समजायला कितीसा वेळ लागणार? धणे, तीळ, खोबरं, दगडफूल सगळ्यांकडे तेच. पण दोन घरचा गोडा मसाला कधी सारखा लागतो का? बोरिवलीजवळच्या गोराईत किंवा अंधेरीच्या मरोळमध्ये ईस्ट इंडियन बायका पावसाळ्याआधी मिरच्या वाळवून, भाजून, कुटून मसाला करतात आणि बाटल्यांत ठासून भरतात. म्हणून त्याचं नावच बॉटल मसाला. त्याचंही प्रमाण घरोघरी निराळं.

जुने ग्रीक वैद्य माणसालाही असंच मिश्रण मानत. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त यांचं प्रमाण जसं, तसा माणूस. आपल्याकडचे वात, पित्त, कफ आठवले ना? म्हणूनच 'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही आपली म्हण मला या शब्दाच्या सर्वांत जवळची वाटते.

आता त्याचे भाऊबंद पाहू. 'खास' हा कौतुकाचा. 'वैशिष्ट्यपूर्ण' पुस्तकी, आमटीला कुणी वैशिष्ट्यपूर्ण म्हणत नाही. 'लहरी' इथे चालायचा नाही, कारण लहर येते नि जाते, आणि ही तर माणसाची कायमची रीत. 'विक्षिप्त' म्हणजे इंग्रजीतलं 'एक्सेंट्रिक', शब्दशः केंद्रापासून सुटलेलं. आणि 'युनिक' म्हणजे एकमेव. दुकानातल्या प्रत्येक साडीला तो लावून लावून पार झिजला आहे.

गंमत अशी की 'इडियट' हा शब्दही त्याच 'इडिओस'मधून निघाला. ग्रीकांमध्ये त्याचा मूळ अर्थ फक्त खाजगी माणूस, गावच्या कारभारात नसलेला. पुढे त्याची शिवी झाली. 'स्वतःचं' म्हटलं की जगाला ते खुपतं, ते असं!

आपल्या घरांत तरी दुसरं काय होतं? सासरेबुवांना चहा बशीतूनच लागतो, ती 'त्यांची पद्धत'. लेकाला पोळी गरमच हवी, तो 'त्याचा स्वभाव'. आणि सुनेला चहा बिनसाखरेचा लागला की 'हिच्या तऱ्हाच फार'! गोष्ट एकाच जातीची, शब्द मात्र माणूस बघून. असा शब्द एकदा चिकटला की तिचं खरं दुखणंसुद्धा नखऱ्यात जमा होतं.

इथेच हा शब्द गंभीर होतो. नेहमीच्या प्रमाणात दिलेलं औषध एखाद्यालाच भलतं लागू पडतं, तेव्हा डॉक्टर आजही त्याला 'इडिओसिंक्रसी' म्हणतात. हिवताप पुन्हा उलटू नये म्हणून प्रायमाक्विन देतात. पुष्कळांना ते सोसतं. पण ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य जन्मतःच कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू लागतात. रक्ताच्या तपासणीत हे आधी कळू शकतं. बघा, इथे मनाचे खेळ नाहीत की नाजूकपणा नाही, प्रकृतीच तशी.

आपल्या बोलीत याला किती नेमका शब्द आहे! 'मला ते औषध मानवत नाही.' घरातली बाई असं म्हणाली तर हसण्यावारी नेऊ नका. हिशेबाच्या वहीत शेवटचं पान त्यासाठी राखा. घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे न मानवलेलं औषध, ते कधी घेतलं आणि काय त्रास झाला, एवढं लिहा. दवाखान्यात जाताना ते पान दाखवा. मात्र चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

आणि त्या पानावर स्वतःचं नाव लिहायला विसरू नका, बरं का! सगळ्यांच्या प्रकृती सांभाळणारीलाही एक प्रकृती असते.