ग्रंथालयात ग्रंथ कसा शोधावा?

पुस्तकांसाठी साहाय्य मागणारे विद्यार्थ्यांचे अर्ज दर वर्षी जून-जुलैत ट्रस्टकडे येऊ लागतात. अर्जाला जोडलेल्या याद्या आम्ही वाचतो, तेव्हा एक गोष्ट मनाला टोचते. नेमलेली पाठ्यपुस्तके बाजूला ठेवली, तर संदर्भासाठी म्हणून लिहिलेले अनेक ग्रंथ सार्वजनिक ग्रंथालयात बसून वाचता येण्याजोगे असतात, आणि काही तर घरबसल्या एक पैसाही न देता मिळतात. तरीही आईबाप कर्ज काढून ते विकत घेतात. एका घरात वाचलेली ती रक्कम दुसऱ्या घरच्या मुलीच्या परीक्षा-शुल्काला उपयोगी पडली असती. म्हणून या स्मरणिकेत हा विषय घ्यावा असे आम्हास वाटले.

आपण वडोदेकरांनी तर याबाबतीत मागे राहण्याचे कारणच नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि लवकरच त्यांच्या ध्यानी आले की, शाळा सुटल्यावर हाती पुस्तक आले नाही तर शिकलेली अक्षरे पुसली जातात. १९१० साली त्यांनी अमेरिकेतील न्यू हेवनहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून घेतले. बॉर्डन येथे सुमारे तीन वर्षे राहिले. तेवढ्या अवधीत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, ग्रंथपालांचा वर्ग चालविला आणि खेड्यापाड्यांत पेट्यांतून पुस्तके पाठविणारी फिरती ग्रंथालये उभी केली. पेटी गावी जावयाची, वाचून झाली की परत यावयाची आणि दुसरी निघावयाची. मांडवीच्या ग्रंथालयातील पोलादी फडताळे व मजल्यांच्या काचेच्या फरशा पुष्कळांनी पाहिल्या असतील. दिव्यांवाचून वरचा उजेड खालच्या मजल्यांपर्यंत पोचावा, हा त्या काचेचा हेतू. गोव्यात १८३२ पासून आणि बेळगावात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालयाची परंपरा आहे. तेथील आपल्या आप्तांनाही पुढील मजकूर तितकाच लागू पडेल.

आता मुद्द्याकडे वळू. ग्रंथालयात शिरल्यावर एकदम फडताळांकडे जाऊ नये. आधी सूची पाहावी, मग ती खणांतील पत्रांची असो वा संगणकावरची असो. सूचीत ग्रंथ बहुधा तीन वाटांनी सापडतो: कर्त्याच्या नावाने, ग्रंथनामाने आणि विषयाने. कर्त्याचे नाव आडनावापासून पाहावयाचे, म्हणजे ‘आपटे, हरि नारायण’ असे. येथेच मराठी वाचक अडखळतो, कारण आपले निम्मे कवी टोपणनावांनी प्रसिद्ध! केशवसुतांची कविता एका ग्रंथालयात ‘केशवसुत’ या नावाखाली मिळेल, तर दुसऱ्यात ‘दामले, कृष्णाजी केशव’ या नावाखाली. बालकवींसाठी ठोंबरे आणि कुसुमाग्रजांसाठी शिरवाडकर हीही नावे पाहावीत. एका नावाने सापडले नाही म्हणून ‘येथे नाही’ असे ठरवून परतणारे वाचक आम्ही कितीतरी पाहिले आहेत.

सूचीत ग्रंथाचा अंक दिलेला असतो. पुष्कळ ग्रंथालयांत मेल्विल ड्युई यांची १८७६ सालची दशांश पद्धत चालते. तीत सर्व ज्ञानाचे दहा वर्ग केलेले आहेत. मराठी वाङ्मयाचा अंक ८९१.४६. त्यापुढे १ असला तर कविता, २ असला तर नाटक, ३ असला तर कथा-कादंबरी. स्वयंपाकाची पुस्तके ६४१.५ पाशी आणि भारताचा इतिहास ९५४ पाशी. अंक दशांशाचा आहे हे विसरू नये. ८९१.४६१२ हा अंक लांब दिसला तरी तो ८९१.४६२ च्या आधी येतो. घरच्या मुलांना हे एकदा सांगावे. गणितातला दशांश कशासाठी, याचेही उत्तर त्यांना सहज मिळून जाईल. प्रत्येक ग्रंथालयाचे स्वतःचे थोडेफार फेरफार असतात, परंतु एकदा तत्त्व कळले की ते अडत नाहीत. हवा असलेला ग्रंथ सापडला तर त्याच्या उजव्या-डाव्या हातची चार पुस्तकेही उघडून पाहावीत. ती त्याच विषयाची असतात आणि पुष्कळदा त्यांतलेच एखादे अधिक उपयोगी निघते.

शब्दकोश, ज्ञानकोश, गॅझेटियर असे संदर्भग्रंथ घरी देत नाहीत. ते तेथेच पाहावयाचे. मेजामागच्या ग्रंथपालास विचारण्यास मात्र संकोचू नये. ‘चांगले पुस्तक द्या’ असे म्हटल्यास तेही बिचारे काय देणार? ‘मधुमेहाच्या रोग्याच्या आहाराविषयी, सोप्या मराठीत किंवा गुजरातीत, अलीकडचे पुस्तक हवे’ असे सांगितले म्हणजे उत्तर मिळते. अलीकडचे असे मुद्दाम म्हणतो. वैद्यक, कायदा आणि कर या विषयांत पुस्तकाचे प्रकाशनवर्ष आधी पाहावे, मग मजकूर.

इंटरनेटवरही आज मराठीचे मोठे भांडार उघडे आहे. १९६० साली ज्याची योजना सुरू झाली आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्याचे प्रमुख संपादक होते, तो मराठी विश्वकोश वीस खंडांचा; तो विनामूल्य वाचता येतो. केतकरांचा तेवीस खंडांचा ज्ञानकोशही मिळतो. मात्र त्यातली लोकसंख्या नि शास्त्रीय माहिती त्या काळची आहे, हे ध्यानात ठेवून वाचावा. मोल्सवर्थचा कोश, ज्याच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द आहेत, तो शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात आहे. आजीच्या तोंडचा एखादा शब्द आजच्या कोशात नसला तर तेथे जरूर पाहावा. खरगपूरच्या आय. आय. टी. ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशास अर्पण झाले. शाळेपासून संशोधनापर्यंतचे साहित्य ते एका सूचीत दाखविते. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संग्रहात तर भारतीय ग्रंथालयांतून छायांकित केलेली जुनी मराठी पुस्तके फार मोठ्या संख्येने आहेत.

ती सापडत नाहीत, ही मात्र पुष्कळांची तक्रार. कारण असे की, त्यांतील कित्येक ग्रंथांची नावे रोमन लिपीत टंकून ठेवलेली आहेत, आणि तीही ज्याने जशी ऐकली तशी. ‘ज्ञानेश्वरी’ कोणी ‘जे-एन’ ने, कोणी ‘डी-एन-वाय’ ने, तर कोणी ‘जी-एन-वाय’ ने आरंभितो. म्हणून तीन-चार प्रकारे लिहून पाहावे, किंवा ग्रंथनामातील एखादा सोपा, न चुकणारा शब्द तेवढा टाकावा. देवनागरीत शोधतानाही एक अडचण आहे. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली मान्य झाले आणि जुने अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘नाव’ हे ‘नांव’ असते आणि ‘पाच’ हे ‘पांच’. यंत्राला हे दोन निराळे शब्द वाटतात, म्हणून दोन्ही रूपे द्यावीत. एखाद्या तरुणाने पणजोबांचे गाव वा कुळाचा उल्लेख शोधावयास घेतला, तर या एवढ्याशा टिंबावरून त्याचा शोध फसू शकतो.

फुकट म्हणजे सर्वच न्याय्य, असेही नव्हे. आपल्याकडील १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखक निधन पावल्याच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे त्याच्या साहित्यावरील हक्क राहतो. हरिभाऊ आपटे आणि गडकरी १९१९ सालीच गेले. त्यांचे साहित्य कोणीही उतरवून घ्यावे, छापावे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. त्यांच्या पुस्तकांच्या ज्या प्रती भ्रमणध्वनीवरून एकमेकांना धाडल्या जातात, त्या बहुधा अनधिकृत असतात. ती पुस्तके ग्रंथालयातून आणावीत, नाहीतर विकत घ्यावीत.

शेवटी मराठी विभागाविषयी थोडे. ग्रंथालय नवी खरेदी करते ती मागणी पाहून. महाराष्ट्राबाहेरच्या गावी मराठीची फडताळे कोणी हलविली नाहीत, तर पुढील वर्षी त्या भाषेच्या वाट्याला कमी पैसे येतात. त्यात ग्रंथपालाचा दोष नाही. तेव्हा हवे असलेले पुस्तक तेथे नसेल, तर लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक आणि प्रकाशनवर्ष एवढे लिहून मागणी नोंदवावी आणि महिन्याभराने पुन्हा विचारावे. ज्यांना हे लिहिणे किंवा संगणकावरची सूची पाहणे जमत नाही, अशा वडीलधाऱ्यांसोबत ट्रस्टच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी एक जण जाऊ शकेल. त्यासाठी कार्यालयात केवळ नाव देऊन ठेवावे.