मानांकन मिळालं, मोल कधी?

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांचा त्यावर सामाईक हक्क आहे. जून 2025 मध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोत तशाच चपला झळकल्या, पण मुळाचा उल्लेख नव्हता. टीकेनंतर कंपनीने कोल्हापुरीचं ऋण मान्य केलं. मानांकन नावाचं रक्षण करतं. कारागिराला भाव मिळवून देणं हे त्याच्या कक्षेबाहेरचं काम आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावायला कित्येक दिवस लागतात. मग तळ कापायचा, चामड्याच्याच वादीने शिवायचा, वेण्या घालायच्या. वेण्यांचं हे नाजूक काम बहुतेकदा घरातल्या बायका करतात आणि हिशेबात त्यांची मजुरी धरलीच जात नाही. म्हणून कारागिरांना प्रशिक्षण द्यायचं तर त्याची सुरुवात खर्च मांडण्यापासून व्हावी.

रास्त भाव दिला तर चप्पल महागेल आणि गिऱ्हाईक रेक्झिनच्या नकलेकडे वळेल, असा आक्षेप घेतला जातो. पण किमतीच्या शर्यतीत हातकाम यंत्रापुढे टिकणारच नाही. भाव पाडून कारागीर तेवढा संपतो. अस्सल माल ओळखता येईल अशी खूण, मागणीसोबत आगाऊ रक्कम आणि थेट विक्री हाच व्यवहार्य मार्ग आहे. शिकवण्याने परंपरा बिघडेल, ही भीतीही अनाठायी वाटते. कापशी हा कोल्हापुरी चपलेचा प्रकार कसा करावा हे कारागिराला कुणी शिकवायला नको. परदेशी मापं, डाव्या-उजव्याचा नेमका मेळ आणि मऊ तळ यांची माहिती मात्र त्याच्यापर्यंत पोचायला हवी.