जीव वाचविण्याची विद्या

शेतात कोणास सर्पदंश झाला, विहिरीत कोणी पडले किंवा कोणाच्या गंजीला आग लागली, तर काय करावे हे आमच्या हिंडलग्यातील लहान मूलही सांगू शकेल. हाक मारावी, माणसे जमवावीत, जखमीला दवाखान्यात न्यावे. अशा वेळी कोणी संकोच करीत नाही आणि कोणी कोणाला दोषही देत नाही. परंतु ज्याचे मन जगण्याला विटले आहे असा माणूस आपल्या बाकावर, आपल्या शेजारी किंवा आपल्याच घरात बसलेला असेल, तर काय करावे हे पुष्कळ सुशिक्षित मंडळींसही ठाऊक नसते. वस्तुतः तीही जीव वाचविण्याचीच विद्या आहे व ती शिकण्यास अवघड नाही. तिचा थोडासा परिचय विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

सरकारी नोंदींप्रमाणे २०२२ साली भारतात १,७०,९२४ माणसांनी आपले जीवन संपविले. त्यांपैकी १३,६०६ जण आपल्या कर्नाटकातील होते. आणि साऱ्या देशाचा विचार केला तर १३,००० हून अधिक विद्यार्थी होते. या नोंदींत जी कारणे दिलेली असतात त्यांत कौटुंबिक अडचणी व आजारपण या दोहोंचाच वाटा जवळजवळ निम्मा आहे. तथापि कोणत्याही एका कारणाने असे घडते हे मानणे बरोबर नव्हे. आषाढातील एका सरीने मातीची भिंत पडली असे आपण म्हणतो. पण तिच्या पायात पाणी कित्येक दिवस मुरत असते. निकाल, कर्ज, भांडण किंवा अपमान ही ती शेवटची सर होय. मुरणारे पाणी वेळीच कोणाच्या दृष्टीस पडले, तर भिंत सावरता येते.

ते पाणी कसे ओळखावे? नेहमी हसतमुख असणारा मुलगा अबोल होतो. खेळाच्या मैदानावर येईनासा होतो. त्याची झोप व भूक उडते. अभ्यासातले लक्ष जाते. 'माझा कोणाला उपयोग नाही', 'मी नसलेलाच बरा', अशी वाक्ये त्याच्या तोंडून येऊ लागतात. आपल्या आवडीच्या वस्तू तो उगीचच दुसऱ्यांना देऊन टाकतो, किंवा सर्वांचा निरोप घेतल्यासारखे बोलतो. यांतील एखादे लक्षण दिसले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु अनेक लक्षणे एकदम दिसली, अथवा माणूस एकाएकी बदलला, तर त्याच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

या बाबतीत दोन गैरसमज आपल्या समाजात खोल रुजलेले आहेत. 'जो बोलतो तो करीत नाही' हा पहिला. प्रत्यक्षात असे टोक गाठलेल्या पुष्कळ माणसांनी त्यापूर्वी कोणाजवळ तरी, आडून का होईना, आपले मन उघडे केलेले असते. दुसरा गैरसमज असा, की हा विषय काढला तर नसलेला विचार मनात शिरेल. तज्ज्ञांचा अनुभव याच्या उलट आहे. 'तू फार त्रासात दिसतोस. जगूच नये असे तुझ्या मनात येते का?' असे कोणी आपुलकीने विचारले, तर त्या विचाराला बळ मिळत नाही. उलट एकट्याने वाहिलेले ओझे खाली ठेवण्यास जागा मिळते. अशा माणसाला मरणाची ओढ असते त्यापेक्षा दुःखातून सुटण्याची तळमळ अधिक असते, आणि त्या वेळी सुटकेची दुसरी वाट त्याला दिसत नसते. हा मनाचा अंधार बहुधा कायमचा नसतो. सोबत मिळाली, वेळ गेला व उपचार झाले, म्हणजे तो ओसरतो. म्हणूनच कठीण घटकेत जवळ कोणी असणे हे फार मोलाचे आहे.

तर मग करावे काय? तीन गोष्टी कराव्यात : विचारावे, ऐकावे आणि सोबत न्यावे. विचारावे ते एकांतात आणि सरळ शब्दांत. ऐकावे ते मध्येच न तोडता. 'एवढ्याशा गोष्टीने काय होते?', 'आईबापांचा तरी विचार कर', 'तुझ्यापेक्षा दुःखी लोक जगतातच ना?' ही वाक्ये बोलणारा चांगल्या हेतूने बोलतो. पण ऐकणाऱ्याला आपण अपराधी आहोत असे वाटून तो पुन्हा मिटतो. आणि ऐकून झाल्यावर त्याला विश्वासाच्या वडीलधाऱ्या माणसाकडे सोबत न्यावे. ते माणूस आई, काका, वर्गशिक्षक किंवा डॉक्टर, कोणीही असेल.

येथे विद्यार्थी मित्रांस आमचे एक आग्रहाचे सांगणे आहे. मित्राने 'हे कोणाला सांगू नकोस' अशी शपथ घातली, तरी ही एक शपथ पाळू नये. मित्र चार दिवस रागावेल. पण तो राग काढण्यास तो राहील. तसेच हे ओझे लहान खांद्यांनी एकट्याने वाहू नये. त्याच दिवशी मोठ्यांच्या कानावर घालावे. धोका तत्काळ दिसत असेल तर त्या माणसास क्षणभरही एकटे सोडू नये आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी किंवा त्यास जवळच्या रुग्णालयात न्यावे. घरातील औषधे व शेतीची रसायने कुलपात ठेवण्याची सवय तर प्रत्येक घराने लावून घ्यावी.

अशा शिक्षणाचा खरोखर उपयोग होतो काय, अशी शंका कोणी घेईल. युरोपातील १० देशांत १६८ शाळांमधील ११,००० हून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत मुलांना मनाच्या आरोग्याविषयी चार आठवड्यांत मिळून पाच तास चर्चा व नाट्यप्रवेशांच्या द्वारे शिकविले गेले, त्या शाळांत वर्षभरानंतर आत्मघाताचे नवे प्रयत्न इतर शाळांच्या मानाने सुमारे निम्मे आढळले. आपल्या मराठी मुलुखातील उदाहरण विदर्भाचे आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातीलच आरोग्यसेवकांना शिकवून त्यांनी घरोघर बोलावे, ऐकावे व गरजूंना उपचारांपर्यंत पोहोचवावे, अशी त्याची रीत होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, खिन्नतेच्या विकाराने पीडित लोकांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४ वरून शेकडा २७ वर गेले, आणि जीवन संपविण्याचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५.२ वरून २.५ वर आले. जे अमरावतीच्या खेड्यांत घडले, ते बेळगाव तालुक्यात का घडू नये?

मदतीची दारे आज पूर्वीपेक्षा अधिक उघडी आहेत. १९८५ ते १९९० या काळात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने आपल्याच राज्यातील बळ्ळारी जिल्ह्यात मानसिक उपचार खेड्यांतील आरोग्यकेंद्रांपर्यंत नेऊन दाखविले. १९९६ साली देशात सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच धर्तीवर उभा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा अथवा रात्री केव्हाही बोलता येते, आणि त्यास पैसे पडत नाहीत. मराठी व कानडी दोन्ही भाषांत तेथे बोलता येते, ही गोष्ट आमच्या सीमाभागास विशेष महत्त्वाची आहे; कारण माणूस व्यवहार कोणत्याही भाषेत करील, पण दुःख तो आईच्याच भाषेत सांगतो. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

कायद्यानेही आपली दृष्टी बदलली आहे. १८६० च्या दंडसंहितेत असा प्रयत्न हा गुन्हा होता, आणि त्या भीतीने कुटुंबे तोंड मिटून राहत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून, त्याची काळजी व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम राहिलेले नाही. कायद्याने शिक्षा काढली. आता समाजाने लाज काढावयाची आहे.

ते काम घरापासून सुरू होते. निकालाच्या दिवशी पहिला प्रश्न गुणांचा न विचारता 'जेवलास का?' असा विचारावा. २०२४ साली कर्नाटकात एस. एस. एल. सी. ची परीक्षा एकाच वर्षात तीनदा देण्याची सोय झाली. परीक्षा मंडळच जर मुलास पुन्हा संधी देते, तर आईवडिलांनी एकच का द्यावी? आणि ज्या घरात ही दुःखद घटना घडली असेल, त्या घराकडे पाठ फिरवू नये. कोणाच्याही घरी मृत्यू झाला की शेजारघरून पिठले-भाकरी जाते, ही आपली जुनी रीत आहे. येथेही ती गेली पाहिजे. कारण शोधण्याची कुजबुज मात्र उंबऱ्याबाहेर ठेवावी.

विद्यार्थी मित्रहो, ज्याच्या मनात असे विचार येत असतील त्याने एवढेच ध्यानात ठेवावे, की ते विचार येणे हा अपराध नव्हे आणि ते सांगणे हा दुबळेपणा नव्हे. आज एका माणसाशी बोला. आणि ज्याचे मन आज स्वस्थ आहे त्याने उद्या वर्गात शिरताना आपल्या बाकावरील सोबत्याच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहावे, व काही वेगळे दिसल्यास त्याच्याजवळ बसून विचारावे.