बाराशे तीनची पाटी

राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आलं. १९५७ मध्येच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलेलं केंद्रही इथे वेगळ्या नावाने उभं राहिलं. दोन्ही सिव्हिल लाइन्सला होती, म्हणजे सीताबर्डीच्या शेजारीच. धोकादायक मालाच्या वाहतुकीबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या शिफारशी छापल्या गेल्या त्याही १९५६ मध्ये. त्यातूनच पुढे चार आकडी यूएन क्रमांक रुळले. पण ते आपल्या टँकरवर यायला तीन दशकं गेली, आणि मध्ये भोपाळची वायुगळती घडली.

३ डिसेंबर १९८४ च्या पहाटे हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांना वायू कोणता, त्यावर उतारा काय, हे धड सांगणारं कुणी नव्हतं. माहिती होती, पण ती कारखाना चालवणाऱ्या कंपनीकडे. १९८९ च्या नियमांनी ती कारखान्याबाहेर काढली. रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक सक्तीचं झालं, त्याच वर्षीच्या मोटार वाहन नियमांनी टँकरवर पाटी लावायला लावली.

ही पाटी सीताबर्डीवर पेट्रोल पंपाशी उभ्या टँकरवरही वाचता येते. खाली १२०३, म्हणजे पेट्रोल. वर ‘३ वाय ई’. तीन म्हणजे फेस मारा. वाय म्हणजे भडका उडू शकतो, आगीत श्वसनयंत्र लावा, सांडलेलं गटारात जाऊ देऊ नका. ई म्हणजे आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा. तीन अक्षरांत एवढं बसवणाऱ्याला मी तरी सलाम करतो.

तपशील हवा तर अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोची मार्गदर्शिका आहे. दर चार वर्षांनी नवी निघते. पिवळ्या पानांत क्रमांक, निळ्या पानांत नाव, नारिंगी पानांत काय करायचं, हिरव्या पानांत किती अंतर सोडायचं. क्लोरीन १०१७ शोधा, १२४ वी सूचना निघते: गळतीच्या तोंडावर पाणी मारू नका. गळती बघितली की होज उचलणाऱ्या हातांना हे शिकवणं सोपं नाही. म्हणून सूचना पाठ करून घेण्यात मला अर्थ दिसत नाही. वाऱ्याची दिशा धरून, लांबून, दुर्बिणीने पाटी वाचायची आणि मगच पान उघडायचं, ही सवय लागली पाहिजे.

आणि पाटीच नसेल तर? १४ जुलै २०१० ला मुंबईत शिवडीला, बंदराच्या आवारात कित्येक वर्षं पडून असलेल्या सिलिंडरांतून क्लोरीन सुटला, शंभराहून अधिक जणांना बाधा झाली. क्लोरीनचं पान तेव्हाही होतंच. सिलिंडर तिथे सडताहेत, याची नोंद घेऊन हालचाल करणारं कुणी नव्हतं.

मोबाइल आल्यावर सगळं खिशात आलं. मात्र अमेरिकेच्या वैद्यक ग्रंथालयाने ‘वायझर’ हे रसायनांची माहिती देणारं लोकप्रिय साधन फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद केलं. ‘कॅमिओ केमिकल्स’ हे तसंच साधन चालू आहे, नेटवर्क नसतानाही चालतं. तरी गाडीत मार्गदर्शिकेची छापील प्रत ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला जुनाट म्हणायची माझी तयारी नाही.