ॲडमिन सुटला, सदस्याचं काय?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या निकालाची बातमी एप्रिल 2021 मध्ये व्हॉट्सॲपच्या ग्रुपाग्रुपांवर फिरली. सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला आरोपी करता येणार नाही, एवढं बहुतेकांनी वाचलं, ॲडमिन मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि विषय मिटला. खरं तर तो इथं सुरू होतो. ॲडमिनच्या मानेवरचं जोखड न्यायालयानं उतरवलं, पण ज्यानं लिहिलं आणि ज्यानं न वाचता पुढं ढकललं, त्याचं काय करायचं हा प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या मुरुडपासून मंत्रालयापर्यंत कुणी अजून नीट विचारलेला नाही.

प्रकरण गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावचं, 2016 सालचं. ग्रुपवर एका सदस्यानं एका महिला सदस्याबद्दल अश्लील भाषा वापरली. तक्रारीत ॲडमिनचंही नाव आलं, कारण त्यानं त्या माणसाला ग्रुपमधून काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, उलट आपण काही करू शकत नाही असं सांगितलं. न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांनी 1 मार्च 2021 च्या आदेशात ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. ॲडमिन माणसं घेऊ शकतो, काढू शकतो. मजकूर पडण्याआधी तो तपासण्याची किंवा अडवण्याची सोय त्याच्या हातात नाही, असं न्यायालयानं म्हटलं. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसला तर गोष्ट वेगळी. नुसतं ॲडमिन असणं हा गुन्हा ठरत नाही.

हा निकाल आपल्याकडं पाच-सहा वर्षं आधी यायला हवा होता. ऑक्टोबर 2015 मध्ये आपल्याच लातूर जिल्ह्यातल्या चाकूरमध्ये एका आक्षेपार्ह व्हिडिओवरून ग्रुपच्या ॲडमिनसह चौघांना अटक झाली होती. तेव्हापासून पोलिसांच्या प्रत्येक सूचनेत ‘ॲडमिनवर कारवाई होईल’ हे वाक्य ठरलेलं. अयोध्येचा निकाल 9 नोव्हेंबर 2019 रोजी लागला, तेव्हा कितीतरी ग्रुप रातोरात ‘ओन्ली ॲडमिन’, म्हणजे फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असे, झाले. एप्रिल 2020 मध्ये करोनाच्या टाळेबंदीच्या काळात मुंबई पोलिसांच्या आदेशानं ॲडमिनला व्यक्तिशः जबाबदार धरलं. या भीतीनं काय केलं? अफवा थांबल्या नाहीत. रेशन दुकान वेळेवर का उघडत नाही, टँकर कुठं अडला, हे विचारणारी तोंडं मात्र बंद झाली. ‘ग्रुपवर वाद नको’ ही सूचना गावातल्या कारभाऱ्यांना फार सोयीची पडते.

म्हणून या निकालाबरोबर आणखी एक निकाल वाचायला हवा. तोही महाराष्ट्रातल्याच एका घटनेतून निघाला. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर बंद पाळला गेला. पालघरमधल्या एका तरुणीनं फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला, दुसरीनं ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ सर्वोच्च न्यायालयात गेलं. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात 24 मार्च 2015 रोजी न्या. रोहिंग्टन नरीमन यांनी लिहिलेल्या निकालानं ते कलम रद्द केलं. कुणाला ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ होईल अशा संदेशासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंग सांगणारं हे कलम. आता कुणाला कशानं त्रास होईल, याला काही अंत आहे का?

नरीमन यांनी त्या निकालात केलेली फोड प्रत्येक ग्रुपच्या माहितीच्या रकान्यात लावावी इतकी कामाची आहे. बोलण्याच्या तीन पायऱ्या त्यांनी वेगळ्या केल्या. पहिली चर्चा. दुसरी एखाद्या मताचा आग्रहानं पुरस्कार, मग ते मत कितीही लोकांना न पटणारं असो. तिसरी चिथावणी. पहिल्या दोन पायऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 19नं दिलेल्या स्वातंत्र्याच्या गाभ्यातल्या आहेत. बोलणं तिसऱ्या पायरीवर पोचतं तेव्हाच सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी सरकारला हात घालता येतो. सरपंचाच्या कामावर टीका ही पहिली पायरी. अमुक धोरण चुकलं, ते बदललंच पाहिजे, ही दुसरी. ‘त्यांना गाठा, सोडू नका’ ही तिसरी. आपल्या ग्रुपांवर उलटं चालतं. टीका केली की माणूस ‘रिमूव्ह’ होतो आणि चिथावणी देणाऱ्याला ‘जाऊ द्या, आपलाच पोरगा आहे’ म्हणून सोडलं जातं.

त्या तिसऱ्या पायरीवर काय होतं, हे 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्या भागात कित्येक दिवस फिरत होते. आठवडी बाजाराच्या दिवशी जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. कुठलाही एक ॲडमिन पकडून ते थांबलं नसतं. तो मजकूर फिरवणारे साधे सदस्य होते, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण लोकांना सावध करतोय असंच वाटत असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीनं भारतात एकावेळी फक्त पाच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. 2020 मध्ये, अनेकदा फिरून आलेला संदेश एकावेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. त्यानंतर असे संदेश 70 टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनंच सांगितलं. माझ्या मते या आकड्यात सगळं आलं. कुणाचं तोंड बंद केलं नाही, कुणाला अटक केली नाही. फक्त बोट जरा थांबायला लावलं, तर एवढा फरक पडला.

आता एप्रिल 2021 मधल्या करोनाच्या दिवसांकडं या. लातूरला खाट आहे का, बार्शीला ऑक्सिजन मिळेल का, रेमडेसिव्हिर इंजेक्शन कुणाकडं आहे, यासाठी गावोगावचे ग्रुप रात्रभर जागे होते. ही माणसं सरकारची बदनामी करत नव्हती, आपल्या माणसाचा जीव वाचवायला धडपडत होती. 30 एप्रिल 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं बजावलं की समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्या नागरिकांवर कारवाई केली तर तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल. हे ऐकून फार बरं वाटलं.

पण याच संदेशांत सदस्याची जबाबदारीही उघडी पडली. ‘रेमडेसिव्हिर उपलब्ध, त्वरित संपर्क’ असा संदेश यायचा. तारीख नसायची, गावाचं नाव नसायचं, ज्यानं पाठवला त्यानं स्वतः फोन लावून पाहिलेला नसायचा. साठा संपून चार दिवस झालेले असायचे. रुग्णाच्या मुलाच्या हातात अशा दहा नंबरांची यादी असायची, आणि प्रत्येक खोटा नंबर त्याची काही मिनिटं खायचा. त्यात हेतू वाईट नाही म्हणून नुकसान कमी होत नाही.

राहिली ती अर्जुनी मोरगावची तक्रारदार महिला. ॲडमिन सुटला म्हणून तिच्यावर लिहिणारा सुटत नाही. आदेशानं फक्त ॲडमिनवरचा गुन्हा रद्द झाला. तरीही ‘मी काय करू शकतो’ हे ॲडमिनचं उत्तर मला मान्य नाही. काढून टाकण्याची सोय ॲडमिनच्या हातात असते, हे तर न्यायालयानंच म्हटलंय. आणि ॲडमिन गप्प बसला तर इतरांनी बोलायचं नाही असं कुणी सांगितलं? मराठवाड्यातल्या गावच्या ग्रुपांवर आधीच बायका थोड्या. एकीला शिवी दिली आणि बाकीचे खाली ‘शुभ सकाळ’ टाकत राहिले, की उरलेल्याही एकेक करून ‘लेफ्ट’ होतात. मग पाण्याबद्दल, शाळेबद्दल, दारूच्या दुकानाबद्दल त्यांचं म्हणणं गावाच्या कानावर येत नाही. त्यांचं बोलण्याचं स्वातंत्र्य तिथं कुठल्याही कलमाशिवायच गेलेलं असतं.

तेव्हा ‘ओन्ली ॲडमिन’ करून ठेवलेले ग्रुप आता उघडा. न्यायालयानं भीतीचं कारण काढून टाकलं आहे. खाटेचा किंवा औषधाचा संदेश टाकताना आधी स्वतः फोन लावा, वेळ लिहा, गाव लिहा. मिळालं की त्याच संदेशाखाली ‘मिळालं’ असं टाका, म्हणजे पुढचा माणूस तिथं थांबणार नाही. आणि चुकीचं कळलं तर ते खासगीत न सांगता जिथं टाकलं होतं तिथंच, सगळ्यांसमोर दुरुस्त करा.