पाळीव प्राण्यांसाठी अ‍ॅक्युपंक्चर : पूरक उपचाराचे बळ आणि मर्यादा

वयोमानाने सांधे झिजलेला लॅब्रेडॉर जिना चढेनासा होतो. मणक्यातील गादी सरकलेल्या डॅशहुंडचे मागचे पाय लुळे पडतात. म्हातारे मांजर नेहमीच्या खिडकीवर उडी मारणे हळूहळू सोडून देते. औषधे सुरू असूनही वेदना आटोक्यात येत नाहीत, किंवा मूत्रपिंड अशक्त झाल्याने वेदनाशामकांची मात्रा वाढवता येत नाही, अशा वेळी प्राणिपालक अन्य उपायांचा शोध घेऊ लागतात. देशातील मोठ्या शहरांत काही पशुवैद्य अशा प्राण्यांवर अ‍ॅक्युपंक्चरचा उपचार करीत आहेत. हा उपचार कितपत उपयुक्त आहे, तो करण्याचा अधिकार कोणाला आहे आणि मुक्या रुग्णाला गुण आला हे कसे ओळखावे, हे प्रश्न त्यामुळे महत्त्वाचे ठरतात.

घोड्यांपासून कुत्र्या-मांजरांपर्यंत

प्राण्यांवरील सूचिचिकित्सेचा उगम चीनमधील आहे. तेथील प्राचीन पशुवैद्यकाचा भर युद्ध, वाहतूक आणि शेतीसाठी लागणाऱ्या घोड्यांवर व बैलांवर होता. मिंग राजवटीत १६०८ मध्ये यू बंधूंनी सिद्ध केलेला अश्वचिकित्सेवरील ग्रंथ या परंपरेतील प्रमुख ग्रंथ मानला जातो. कुत्र्या-मांजरांसाठी आज वापरले जाणारे बिंदूंचे तक्ते मात्र बहुतांशी विसाव्या शतकात मानवी शरीरावरील तक्त्यांवरून उतरविण्यात आले. त्यातून काही विसंगतीही निर्माण झाल्या. घोड्याला पित्ताशय नसतेच. तरीही त्याच्या शरीरावर ‘पित्ताशय वाहिनी’ दाखविली जाते. पाश्चात्त्य पशुवैद्यकात या पद्धतीचा प्रसार १९७० च्या दशकात झाला. १९७४ मध्ये अमेरिकेत आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय अ‍ॅक्युपंक्चर संस्था स्थापन झाली आणि पशुवैद्यांसाठी रीतसर प्रशिक्षण सुरू झाले.

भारतात ही चिकित्सा प्रथम माणसांसाठी आली. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यासमवेत डॉ. बिजॉयकुमार बसू होते. बसू यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ही पद्धत आत्मसात केली आणि कोलकात्यात तिचा प्रारंभ केला.

सुई नेमके काय करते?

या उपचारात वापरली जाणारी सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव आणि केसासारखी बारीक असते. ठरावीक बिंदूंवर ती साधारणतः दहा ते तीस मिनिटे ठेवली जाते. काही वेळा सुयांना सौम्य विद्युतप्रवाह जोडला जातो. त्यास इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चर म्हणतात. बहुतेक कुत्री हा उपचार शांतपणे सहन करतात, काही तर त्या अवधीत झोपीही जातात. मांजरांच्या बाबतीत मात्र कमी सुया आणि अधिक संयम लागतो.

पारंपरिक स्पष्टीकरणानुसार सुयांमुळे ‘ची’ या जीवनऊर्जेचा प्रवाह सुरळीत होतो. अशी ऊर्जा किंवा तिच्या वाहिन्या शरीरशास्त्राला आढळलेल्या नाहीत. मात्र सुईच्या उत्तेजनाचे काही परिणाम प्रयोगशाळेत नोंदविले गेले आहेत. टोरांटो विद्यापीठातील ब्रूस पोमेरान्झ आणि डॅरिल चिऊ यांनी १९७६ मध्ये उंदरांवर प्रयोग केले. अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन दिल्यास अ‍ॅक्युपंक्चरचा वेदनाशामक परिणामही नाहीसा होतो, असे त्यांना दिसले. शरीर स्वतःच निर्माण करीत असलेली एंडॉर्फिनसारखी द्रव्ये या परिणामामागे असावीत, असा त्याचा अर्थ होता. पुढे २०१० मध्ये अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांच्या गुडघ्याजवळील बिंदूवर सुई फिरविल्यावर त्या जागी अ‍ॅडेनोसिन हे वेदना शमविणारे द्रव्य वाढत असल्याचे दाखविले. उत्तेजनाने काही घडते, एवढे या प्रयोगांतून सिद्ध होते. आजारी प्राण्याला त्याचा किती काळ आणि किती लाभ होतो, याचे उत्तर रुग्णांवरील चाचण्यांतूनच मिळू शकते.

पुरावा काय सांगतो?

या चाचण्यांचे चित्र संमिश्र आहे. पशुवैद्यकीय अ‍ॅक्युपंक्चरवरील ३१ नियंत्रित अभ्यासांचा पद्धतशीर आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळीव जनावरांच्या कोणत्याही आजारात या उपचाराची शिफारस करावी किंवा तो नाकारावा, असा ठोस पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी कोपराच्या जुनाट संधिविकाराने ग्रस्त नऊ कुत्र्यांवरील एका चाचणीत पायावर पडणारा भार यंत्राने मोजण्यात आला. इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चरमुळे त्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

याउलट ब्राझीलमधील २०१० च्या अभ्यासाचे निष्कर्ष आशादायक होते. मणक्यातील गादीच्या विकाराने गंभीर बाधित झालेल्या ४० कुत्र्यांपैकी केवळ इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चर मिळालेल्या १९ पैकी १५, तर केवळ शस्त्रक्रिया झालेल्या दहापैकी चार कुत्र्यांत उपचार यशस्वी ठरला. मात्र शस्त्रक्रियेचा गट जुन्या नोंदींवरून घेतलेला होता आणि कुत्र्यांची विभागणी चिठ्ठीपद्धतीने झालेली नव्हती. त्यामुळे या आकड्यांच्या आधारे शस्त्रक्रिया टाळणे धोक्याचे ठरेल. मागच्या पायांतील खोल वेदनेची जाणीव नष्ट झालेल्या कुत्र्याच्या बाबतीत तर प्रत्येक तास मोलाचा असतो.

पालकाच्या नजरेचा भ्रम

प्राण्यांना उपचाराचे ज्ञान नसते, म्हणून त्यांना आलेला गुण केवळ मानसिक असू शकत नाही, असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. तो अपुरा आहे. कुत्रा बरा झाला की नाही हे कुत्रा सांगत नाही, त्याचा पालक सांगतो. आणि पालकाला आशा असते. अमेरिकेतील संशोधकांनी २०१२ मध्ये संधिविकाराने लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कुत्र्यांना औषधाऐवजी निष्क्रिय गोळी दिलेली होती. चालताना पायावर पडणाऱ्या भाराचे यंत्राने घेतलेले मोजमाप आणि माणसांची निरीक्षणे यांची तुलना करता, प्रत्यक्षात सुधारणा नसतानाही ती झाल्याचे पालकांना निम्म्याहून अधिक वेळा वाटल्याचे दिसले. पशुवैद्यांचीही या भ्रमातून सुटका झाली नव्हती. शिवाय जुनाट दुखणे मुळातच कमी-अधिक होत असते. ते अधिक असतानाच पालक उपचाराला येतात, त्यामुळे नंतरच्या नैसर्गिक उताराचे श्रेयही उपचाराला दिले जाते.

म्हणून उपचारापूर्वीच मोजता येतील अशा गोष्टी ठरवून घेणे श्रेयस्कर. कुत्रा किती पायऱ्या चढतो, बसलेला असताना उठायला किती वेळ लावतो, मांजर किती उंच उडी मारते, यांची नोंद ठेवावी. एकाच जागी, एकाच कोनातून दर आठवड्याला मोबाइलवर चित्रफीत घ्यावी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने तयार केलेली कुत्र्यांच्या वेदनेची ११ प्रश्नांची प्रश्नावली अनेक पशुवैद्य वापरतात. चार ते सहा बैठकांनंतरही या नोंदींत फरक दिसत नसेल, तर उपचार थांबविण्याचा विचार करावा.

अधिकार कोणाचा?

केंद्र सरकारने २०१९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियमही आहे. मात्र या तरतुदी माणसांवरील उपचारांसंबंधी आहेत. प्राण्यांच्या बाबतीत भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ लागू होतो आणि त्याच्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यांनाच आहे. हा भेद केवळ तांत्रिक नाही. लंगडण्यामागे सांध्याची झीज, हाडाचा कर्करोग किंवा गोचिडांमुळे होणारा संसर्ग यांपैकी काहीही असू शकते. निदानाविना सुया टोचल्यास वेदना काही काळ झाकली जाईल आणि मूळ आजार वाढत राहील.

प्रशिक्षित हातांत हा उपचार सामान्यतः सुरक्षित असतो. क्वचित किरकोळ रक्तस्राव किंवा एक-दोन दिवस सुस्ती येते. गाठीच्या जागी, संसर्ग झालेल्या त्वचेवर, रक्त गोठण्याचा दोष असताना किंवा गर्भारपणात मात्र विशेष खबरदारी लागते. फिट्स येणाऱ्या प्राण्यास विद्युतप्रवाह देणे टाळले जाते.

सुरू असलेली औषधे पालकांनी परस्पर बंद करू नयेत. दुखणे वाढल्यास घरातील माणसांच्या गोळ्याही देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजरासाठी प्राणघातक ठरू शकते आणि आयब्युप्रोफेनमुळे कुत्र्यांच्या जठराला व मूत्रपिंडांना गंभीर इजा होते. वजनावर नियंत्रण, योग्य वेदनाशामक, फिजिओथेरपी आणि गुळगुळीत फरशीवर अंथरलेली साधी चटई या उपायांना जोड म्हणून अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करता येईल. त्यांची जागा ते घेऊ शकत नाही.