पटावरचा दर्या – लेखांक ६ : बुडालेली जहाजं मोजू नका

गेल्या आठवड्यात पुठ्ठ्याची जहाजं कापून झाली आणि वाऱ्याचा बाण पटाच्या कोपऱ्यात बसला. आता खेळायचं. पण त्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते आणि घरी बनवलेले बहुतेक आरमारी खेळ तिथंच गाळात रुततात. जिंकणं कशाला म्हणायचं? ज्यानं समोरच्याची जास्त जहाजं बुडवली तो जिंकला, हे उत्तर इतकं सरळ वाटतं की त्यावर कुणी वाद घालत नाही. किनाऱ्यालगतच्या चकमकींना मात्र ते क्वचितच लागू पडतं.

या लेखमालेत आपण ज्यांच्याकडे वारंवार वळतो, ती इंग्लंडची पाच बंदरं आधी घेऊ. हेस्टिंग्ज, न्यू रॉम्नी, हाइद, डोव्हर आणि सँडविच. तेराव्या शतकात राजाच्या पदरी कायमचं असं मोठं आरमार नव्हतं. त्याचा या बंदरांशी करार होता. वर्षातून १५ दिवस त्यांनी मिळून ५७ जहाजं द्यायची, प्रत्येकावर २१ माणसं आणि एक पोरगा, खर्च बंदरांचा. सोळाव्या दिवसापासून पैसे राजाचे. बदल्यात करमाफी, आपले न्यायनिवाडे आपण करायची मुभा आणि यार्मथच्या हेरिंग बाजारात मानाची जागा. म्हणजे हे लढवय्ये मूळचे मासेमार आणि व्यापारी. लढाई त्यांचा हंगामी धंदा. त्यांची आपसातली भांडणंही धंद्याचीच असत. १२९७ मध्ये पहिला एडवर्ड फौजेसह फ्लँडर्सला उतरला, तेव्हा पाच बंदरांची जहाजं फ्रेंचांचा विचार सोडून यार्मथच्या जहाजांवरच तुटून पडली. दोन्हीही राजाच्याच बाजूची! तुमच्या खेळात ही बंदरं असतील तर त्यांना पंधरा दिवसांचं घड्याळ लावा आणि यार्मथवाल्याला त्याच बाजूला बसवून गंमत बघा.

आता २४ ऑगस्ट १२१७. फ्रेंच राजपुत्र लुई लंडनमध्ये ठाण मांडून बसला होता आणि त्याच्यासाठी कुमक व रसद घेऊन ताफा निघाला होता. ताफ्याचा म्होरक्या यूस्टेस हा एकेकाळचा मठवासी, नंतरचा नामचीन चाचा. सँडविचहून निघालेल्या ह्यूबर्ट डी बर्गनं या ताफ्याला आधी पुढं जाऊ दिलं. मग वळसा घालून तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला गेला आणि पाठीमागून आला. जवळ येताच इंग्रजांनी चुन्याची भुकटी वाऱ्यावर सोडली. फ्रेंचांचे डोळे भाजले, दिसेनासं झालं. यूस्टेस सापडला आणि त्याच्याच जहाजावर त्याचं मुंडकं उडवलं गेलं. चुन्याची ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात, पण खेळ बनवणाऱ्यानं पुढचं वाचावं. सैनिकांची मोठी जहाजं बहुतेक निसटून परत गेली. अडकली ती सामानाची जहाजं. आणि तेवढ्यानं लुईचं कंबरडं मोडलं. पुढच्याच महिन्यात तो तह करून मोकळा झाला.

याच मोजपट्टीनं खांदेरीकडे बघू. आपल्या किनाऱ्यावर पटासाठी याहून चांगला प्रसंग मला तरी माहीत नाही. पावसाळा सरता सरता, १६७९ च्या ऑगस्टअखेर, मायनाक भंडारीनं शिवाजी महाराजांच्या हुकमावरून थळसमोरच्या या ओसाड बेटावर माणसं उतरवली आणि तट बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला उभा राहणार म्हटल्यावर इंग्रजांची झोप उडाली. सप्टेंबरमध्ये त्यांची जहाजं येऊन बेटाभोवती उभी राहिली. १९ तारखेला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. मग आणखी जहाजं आली, भाड्यानं शिबाडं, म्हणजे मालवाहू जहाजं, घेतली गेली, आणि सरदारकी रिचर्ड केगविनकडे गेली. हा केगविन म्हणजे एक वल्लीच. सेंट हेलेना बेट डचांकडून परत घेताना तो आघाडीवर होता, आणि खांदेरीनंतर चार वर्षांनी त्यानं मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध बंड करून जवळजवळ वर्षभर शहर आपल्या हातात ठेवलं. त्याच्यावर एक वेगळा लेखांक होईल.

१८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार किनाऱ्याच्या बाजूनं बाहेर पडलं. चाळीस-पन्नास गलबतं, नाळेवरच्या तोफा डागत, वल्ह्यांवर वेगानं येणारी. इंग्रजांची आठ जहाजं किनाऱ्याजवळ नांगरून होती. नांगर उचलून शिडं चढवायलाही त्यांना धड उसंत मिळाली नाही. अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ नावाच्या गुराबेनं निशाण उतरवलं. बाकीची जहाजं अंग चोरून दूर राहिली. एकट्या ‘रिव्हेंज’वर केगविन आणि कॅप्टन मिंचिन टिकून लढले. मोठ्या तोफांपुढं गलबतांचं चालेना, पाच गलबतं बुडाली आणि बाकीचा ताफा मागं फिरला. ‘रिव्हेंज’नं पाठलाग केला तो किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यापर्यंत. तिथून पुढं तिला जाताच येईना.

आता हिशोब करा. मराठ्यांची पाच गलबतं गेली, इंग्रजांची एक गुराब. मैदानही इंग्रजांकडेच राहिलं. बुडालेली जहाजं मोजणाऱ्या खेळात केगविन जिंकला. पण मराठ्यांची होडकी रात्रीची बेटावर जातच राहिली. धान्य पोचत होतं, माणसं पोचत होती, तट चढत होता. इंग्रजांची जड जहाजं या हलक्या होड्यांना अडवूच शकत नव्हती. वर पहाऱ्यावर उभ्या जहाजांचा आणि भाड्याच्या शिबाडांचा खर्च रोजचा. सुरतेच्या इंग्रज वरिष्ठांना तो जड जाऊ लागला, त्यांनी मिटवून घ्या म्हटलं. १६८० च्या सुरुवातीला तह झाला, इंग्रज निघून गेले आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. त्याच जानेवारीत जंजिऱ्याच्या सिद्दी कासमनं शेजारची उंदेरी बळकावली, तो त्रास पुढं कित्येक वर्षं पुरला. पण १८ ऑक्टोबरची ‘जीत’ इंग्रजांच्या कामाला आली नाही ती नाहीच.

तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरमध्ये आम्ही हा डाव मांडतो तो एका फ्लॅटच्या जेवणाच्या टेबलावर, निळ्या चादरीवर. इथं दर्या दिसत नाही. दिसतो तो बंगळुरूकडे जाणारा हमरस्ता, मोटारी वाहणारे लांबलचक ट्रेलर आणि रामानुजाचार्यांच्या देवळाकडे निघालेली माणसं. समुद्र चाळीसेक किलोमीटरवर. खेळणारे कुणी चाकणहून इथल्या कारखान्यात आलेले, एक सहकारी नागपट्टिनमकडचा. त्याच्या घरी मासेमारी, त्यामुळं वाऱ्याच्या नियमावर तो आमचं काही चालू देत नाही.

नियम असे. पहाटेच्या खेळ्यांत वारा जमिनीकडून, म्हणजे शाळेत शिकलो तो मतलई. दुपारी तो फिरतो आणि खारा वारा लागतो. शिडाच्या जहाजाला वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. गलबताला वल्ही आहेत, ते कुठंही जाईल, पण सलग तीन खेळ्या वल्हवलं की एक खेळी विसावा. नांगरलेल्या जहाजाला सुटायला दोन खेळ्या लागतात, आणि १८ ऑक्टोबरचा सगळा गोंधळ या एकाच नियमातून आपोआप उभा राहतो. किनाऱ्यालगत चादरीवर खडूनं उथळ पाण्याची रेघ मारा. ‘रिव्हेंज’ रेघेच्या आत आली की फासा टाकायचा, एक किंवा दोन पडलं तर ती रुतली. दोन्ही बाजूंनी हुकूम चिठ्ठीवर लिहायचे आणि एकदम उघडायचे. आपली खेळी समोरच्याची बघून ठरवता आली तर समुद्र उरत नाही, बुद्धिबळ होतं.

गुण मात्र जहाजांना नाहीत. मराठ्यांच्या हाती तुरीच्या डाळीचे दाणे द्यायचे. रात्रीच्या खेळीत होडी बेटावर पोचली की एक दाणा बेटावर. पाच दाणे झाले की तटाचा एक थर चढला. इंग्रजांसमोर नाण्यांची चवड. रोज एक नाणं उचललं जातं, भाड्याच्या प्रत्येक शिबाडापायी आणखी अर्धं. चवड संपली की सुरतेचं पत्र आलं असं समजायचं. तट आधी पुरा होतो की चवड आधी संपते, एवढाच खेळ. पहिल्या डावात इंग्रजांकडून बसणारा प्रत्येक जण गलबतांच्या मागं धावतो. दुसऱ्या डावापासून तो होड्यांच्या वाटेवर बसायला शिकतो, आणि मग त्याला कळतं की वाटा फार आहेत आणि आपली जहाजं थोडी.

जहाजं न मोजण्याचं हे माझं एकट्याचं खूळ नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराची बांधणी सांगितली आहे, ती फार मोठ्या जहाजांची नाहीच. पाच गुराबा आणि पंधरा गलबतं असा सुभा करावा, असा त्यांचा हिशोब आहे. जहाजं किनाऱ्याच्या किल्ल्यांना धरून वागायची होती. टेबलावर जहाजं मांडून विचार करायची रीत युरोपातही जुनी. स्कॉटलंडचा जॉन क्लार्क कधी आरमारात नव्हता, तरी लाकडाची छोटी जहाजं टेबलावर सरकवत त्यानं आरमारी डावपेचांवर निबंध लिहिला आणि १७८२ मध्ये तो खाजगीरीत्या छापला. १८९८ मध्ये फ्रेड जेननं आपला आरमारी खेळ विकायला काढला. आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, लिव्हरपूलच्या एका इमारतीत कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि त्याच्या हाताखालच्या आरमारी मुली जमिनीवर पट आखून पाणबुड्यांचे डाव खेळत. शिकायला आलेले अधिकारी पडद्याआडून, छोट्या फटींतून बघत, म्हणजे समुद्रावर जेवढं दिसेल तेवढंच त्यांना दिसे. अटलांटिकच्या त्या लढाईत बचाव जहाजांना पहिलं काम होतं ते व्यापारी काफिला वेळेत सुखरूप पोचवण्याचं. पाणबुडी बुडवणं त्याच्यानंतर.

क्लार्कचा निबंध छापला गेला त्याच १७८२ साली, १७ फेब्रुवारीला, आमच्याच किनाऱ्यावर सद्रासच्या समोर फ्रेंच सेनापती सुफ्रेन आणि इंग्रज ॲडमिरल ह्यूज यांची गाठ पडली. सद्रास म्हणजे कल्पाक्कमजवळचं सदुरंगपट्टिनम. पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत या दोघांनी पाच लढाया केल्या. पाचांत मिळून एकही मोठं लढाऊ जहाज बुडालं नाही. दरम्यान सुफ्रेननं त्रिंकोमालीचं बंदर घेतलं. या बाजूला जहाज आसऱ्याला न्यायला चांगलं बंदर नव्हतं, त्यामुळं त्या बंदराचं मोल डझनभर जहाजांहून जास्त होतं. मद्रासला तर नैसर्गिक बंदरच नाही. जहाजं उघड्या समुद्रात नांगरत आणि माल मसुला होड्यांतून लाटा फोडत किनाऱ्याला येई.

म्हणून हाच पट उचलून पूर्व किनाऱ्यावर मांडायचा असेल तर एक नियम उलटा करावा लागतो. कोकणात दर्या पावसाळ्यात बंद असतो आणि ऑक्टोबरात मोकळा. इथं ऑक्टोबरच्या मध्यापासून ईशान्येचा पाऊस आणि वादळं सुरू होतात, आणि शिडाची जहाजं तेव्हा हा किनारा सोडून जात. आमचा नागपट्टिनमचा गडी दिनदर्शिका समोर ठेवूनच खेळतो. १५ ऑक्टोबर आला की कुणाचा कितीही वरचढ डाव असो, तो जहाजं चादरीवरून उचलून ठेवतो.